एक गाव तुमचं, एक गाव त्यांचं: नवराबायकोनं इटलीत जेवायचं कसं

तुमचा प्रश्न वाचला. ऑक्टोबरमध्ये १० रात्री, रोमला उतरून मिलानहून परत, मधे फ्लोरेन्स, व्हेनिस, लेक कोमो आणि जमलं तर पिसा. मिस्टर शाकाहारी (अंडं चालतं), तुम्ही सगळं खाता, आणि भीती ही की ते रोज मार्गारिटा पिझ्झा खाणार, तुम्ही एकट्यानं काहीतरी मागवून अर्धं टाकणार, मग सरळ भारतीय हॉटेलंच शोधून ठेवावीत का. मी बोलोन्यात राहते, आधी इथल्या एका त्रात्तोरियाच्या, म्हणजे घरगुती खाणावळीच्या, किचनमध्ये काम करायचे, आता पाहुण्यांना बाजारात आणि जेवायला फिरवते, त्यात आपल्याकडची जोडपी बरीच असतात आणि बहुतेक तुमच्यासारखीच, एक शाकाहारी, एक सगळं खाणारं. तेव्हा जरा सविस्तर लिहिते.

आधी प्लॅन कापा. १० रात्रींत ६ ठिकाणं म्हणजे निम्मी जेवणं स्टेशनवरच्या सँडविचवर जाणार. आणि खाण्यासाठी जायचं असेल तर गाव निवडताना "तिथे बघायला काय आहे" इतकंच "तिथे कोणाची चंगळ आहे" हेही बघायचं. हा देश १८६१ साली एक झाला, प्रांत २०, आणि स्वयंपाक अजूनही गावागणिक बदलतो, त्यामुळे एका गावात शाकाहारी माणसाची मजा असते आणि दोन-तीन तासांवरच्या दुसऱ्या गावात त्याला मेन्यू उलटापालटा करत बसावं लागतं. म्हणून मी जोडप्यांना सांगते, एक गाव तुमचं, एक गाव त्यांचं, आणि एखादं दोघांचं. तुमच्या बाबतीत: रोम ३ रात्री (दोघांचं), बोलोन्या ४ (तुमचं), जेनोवा २ (त्यांचं), मिलान १. फ्लोरेन्स सुटत नाही, बोलोन्याहून फास्ट ट्रेननं ४० मिनिटांच्या आत-बाहेर आहे, सकाळी जाऊन रात्री परत. व्हेनिस, कोमो, पिसा पुढच्या वेळी. व्हेनिस कापायचं म्हटलं की लोक नाराज होतात मला माहितीये, पण तिथले चांगले पदार्थ म्हणजे सार्डिन, बाकाला म्हणजे सुकवलेला कॉड मासा, कालवं, शिंपल्या, तुमच्या मिस्टरांना त्यात फार काही नाही.

रोम. इथे चार पास्ते गाजलेले आहेत आणि चारही एकमेकांचे सख्खे भाऊ: काचो ए पेपे, ग्रीचा, अमात्रिचाना, कार्बोनारा. पेकोरीनो चीज आणि मिरी एवढ्यावर काचो ए पेपे, त्यात ग्वांचाले म्हणजे डुकराच्या गालाचं मुरवलेलं मांस आलं की ग्रीचा, वर टोमॅटो आला की अमात्रिचाना, टोमॅटोऐवजी अंडं आलं की कार्बोनारा. म्हणजे त्यांनी काचो ए पेपे मागवायचा, तुम्ही कार्बोनारा, आणि टेबलावर एक प्लेट चिकोरिया रिपास्साता ठेवायची, ती म्हणजे उकडून लसूण-मिरचीवर परतलेली कडसर पालेभाजी. आपल्या माणसांना ती हमखास आवडते आणि मेन्यूत इतकी खाली लिहिलेली असते की कोणी बघतच नाही. काचो ए पेपेमध्ये क्रीम किंवा बटर नसतं, पास्ता उकळलेल्या पाण्यातला स्टार्च आणि किसलेलं चीज एवढ्यावर तो सॉस धरतो, म्हणून आला की लगेच खायचा. फोटो काढत बसलात तर पाच मिनिटांत त्याचा गोळा होतो.

रोमच्या ज्यू वस्तीतले अख्खे तळलेले आर्टिचोक तुम्ही ऐकले असतील, पण स्थानिक आर्टिचोकचा मोसम साधारण फेब्रुवारी ते एप्रिल, ऑक्टोबरमध्ये त्यासाठी पायपीट करू नका. दुपारी पिझ्झा अल ताल्यो खा, मोठ्या ट्रेमधला, वजनावर विकतात, बोटांनी दाखवायचं "एवढा", कात्रीनं कापून देतात. दोघांना वेगवेगळे चार-पाच छोटे तुकडे घेता येतात, बटाटा-रोझमेरीचा जरूर घ्या. एक सापळा सांगते, भोपळ्याची तळलेली फुलं, फ्योरी दी झुक्का. बघून वाटतं की हे तर आपलंच, पण रोममध्ये आत मोझरेलाबरोबर बहुतेक वेळा अँकोव्ही मासा असतो.

आणि हा अँकोव्हीच खरा शत्रू, चिकन-मटण नव्हे. मांस दिसतं, मासा विरघळतो. मेन्यूवर आलीची किंवा आच्चुगे दिसलं की थांबायचं. दुसरा ब्रोदो, म्हणजे स्टॉक, रिसोत्तो (मऊसर शिजवलेला भात) आणि सूपमध्ये तो बऱ्याचदा मांसाचाच असतो आणि वेटरच्या डोक्यात तो "मांस" या खात्यात येतच नाही, नुसतं वेजेतारियानो म्हटलं तर तो खुशाल हो म्हणेल. तिसरा स्त्रुत्तो, डुकराची चरबी, ती पिठात मळतात किंवा त्यात तळतात. चौथा पान्ना कोत्तातला जिलेटिन. म्हणून मिस्टरांना एक वाक्य पाठ करून ठेवायला सांगा: सोनो वेजेतारियानो, निएन्ते कार्ने, निएन्ते पेशे, निएन्ते ब्रोदो दी कार्ने. उच्चार कसाही चालतो, शेवटचा भाग गाळायचा नाही.

चीजबद्दल मात्र घरूनच ठरवून या. पार्मिज्यानो, ग्राना पादानो, पेकोरीनो रोमानो, या सगळ्यात दूध फाडायला वासराच्या किंवा कोकराच्या पोटातलं रेनेट वापरतात, आणि म्हशीच्या मोझरेलातही बहुतेक तेच. पार्मिज्यानोच्या नियमावलीतच वासराचं रेनेट लिहिलेलं आहे, त्यामुळे "शाकाहारी पार्मिज्यानो" असा काही प्रकार नाही. काही जण म्हणतात चालतं, काहींना नाही चालत, दोन्ही ठीक. पण हा निर्णय पुण्यात-नाशकात सोफ्यावर बसून घ्यायचा, रोममध्ये गरम प्लेट समोर आल्यावर नाही. एका टेबलावर मी हे बघितलंय, बाईंनी फोनवर वाचून दाखवलं, नवऱ्यानं काटा खाली ठेवला आणि दोघांचीही संध्याकाळ तिथेच संपली. तसंच तुमचं "सगळं खाते" यात बीफ येतं का तेही बघा, कारण मान्झो आणि वितेल्लो दोन्ही गोवंशच, आणि बोलोन्याच्या रागूत, म्हणजे खिम्याच्या सॉसमध्ये, ते असतंच.

आता बोलोन्या, म्हणजे तुमचं गाव. स्पॅगेटी बोलोनेझ इथे मागू नका, इथे रागू ताल्यातेल्लेवर घालतात. हट्टाचं कारण आहे, ताल्यातेल्ले अंडं घालून लाटलेली, पृष्ठभाग खरबरीत, सॉस तिला चिकटतो, गुळगुळीत स्पॅगेटीवरून तो घसरून तळाशी जातो. गावकऱ्यांनी १९७२ साली शिजलेल्या ताल्यातेल्लेची अधिकृत रुंदी ८ मिलिमीटर ठरवून तिचा सोन्याचा नमुना चेंबर ऑफ कॉमर्समध्ये ठेवलाय, १९८२ मध्ये रागूची रेसिपी नोंदवली, २०२३ मध्ये ती सुधारून परत नोंदवली. हसू येतं पण खाल्ल्यावर कमी येतं. रागूत बीफ, डुकराचं पान्चेत्ता, कांदा-गाजर-सेलरी, वाइन, टोमॅटो अगदी बेतानं, आणि काही तास मंद आच. लाल रस्सा अपेक्षित असेल तर निराश व्हाल, तो तपकिरी आणि जवळजवळ कोरडा असतो.

तोर्तेल्लिनी ब्रोदोमध्येच खा, क्रीममध्ये नको. नखाएवढे असतात, आत डुकराचं मांस, प्रोश्युत्तो, मोर्तादेल्ला, पार्मिज्यानो, जायफळ, आणि बाहेर गरम स्वच्छ स्टॉक. मिस्टरांसाठी त्याचेच मोठे भाऊ तोर्तेल्लोनी, आत रिकोत्ता चीज आणि पालक किंवा पार्सली, वर लोणी आणि सेज नावाच्या सुगंधी झुडपाची पानं. मेन्यूवर लिनी आणि लोनी एवढाच फरक दिसतो आणि एकात तीन प्रकारचं डुक्कर आहे, तेव्हा ऑर्डर देताना बोटानं दाखवा. अंडं चालतं हे तुमचं नशीब, कारण इथला ताजा पास्ता १०० ग्रॅम मैद्याला एक अंडं या हिशोबानं मळतात. अंडं न खाणाऱ्यांना मी दक्षिणेकडे पाठवते, तिकडचा रोजचा पास्ता ड्युरम गव्हाचा रवा आणि पाणी एवढाच असतो.

एक दुपार अशी करा. पियात्सा माज्जोरेच्या मागच्या गल्ल्यांना क्वाद्रिलातेरो म्हणतात, जुना बाजार. तिथून तुमच्यासाठी १०० ग्रॅम मोर्तादेल्ला कापून घ्यायची, अगदी पातळ, कागद दुमडावा तशी घडी पडली पाहिजे. त्यांच्यासाठी चीजचे दोन प्रकार, एक कोवळं, एक जुनं, शिवाय ब्रेड, ऑलिव्ह, द्राक्षं. आणि मग तिथल्याच एका बोळातल्या ओस्तेरिया देल सोले मध्ये जाऊन बसायचं, १४६५ पासूनची जागा, ते फक्त पेय विकतात, खाणं बाहेरून आणायचं. लाकडी बाकडी, कोणीही कोणाच्या शेजारी, म्हातारे पत्ते खेळत असतात. दोघांचं पूर्ण वेगळं जेवण एका टेबलावर, कोणालाही काही समजावून न सांगता, असं दुसरीकडे क्वचित जमतं. वाइन पीत नसाल तरी काहीतरी पेय घ्या, त्यांचा धंदा तोच आहे.

चारातला एक दिवस फेरारा, ट्रेननं साधारण अर्धा तास. ऑक्टोबरमध्ये लाल भोपळा जोरात असतो आणि तिथले काप्पेल्लाच्ची दी झुक्का, म्हणजे भोपळ्याचं गोडसर सारण भरलेला पास्ता, लोणी-सेज घालून, हा मिस्टरांचा बोलोन्याच्या भागातला सगळ्यात चांगला घास. तोच पदार्थ रागू घालूनही मिळतो, तो तुम्ही घ्या. आणि एक सकाळ मोदेना किंवा पार्माच्या बाजूला पार्मिज्यानो चीजच्या डेअरीत, आधी बुकिंग करून, लवकर, कारण दिवसाचं काम सकाळीच उरकतं. तांब्याच्या उलट्या घंटेसारख्या कढईत आदल्या संध्याकाळचं साय काढलेलं आणि सकाळचं ताजं असं दूध एकत्र असतं, शेवटी तळाशी एक मोठा गोळा जमतो, दोन माणसं तो कापडात वर उचलतात आणि मधोमध कापून त्याचे दोन करतात. चीजचं प्रत्येक चाक ४० किलोच्या आसपास, त्यामागे साधारण ५५० लिटर दूध, आणि किमान १२ महिने मुरल्याशिवाय शिक्का नाही. त्यानंतर तपासनीस छोट्या हातोडीनं टकटक करत आवाज ऐकत जातो, पोकळ लागलं की ते चाक बाद. मोदेनाला जाणार असाल तर खरं बाल्सामिको, म्हणजे द्राक्षरसाचं मुरवलेलं व्हिनेगर, चाखून बघा, कमीत कमी १२ वर्षं मुरलेलं, १०० मिलिलिटरच्या ठरावीक बाटलीत, महाग आहे, थेंब-थेंब जुन्या पार्मिज्यानोवर घ्यायचं. सॅलडवर ओतायचं ते वेगळं, सुपरमार्केटमधलं.

फ्लोरेन्सच्या दिवशी त्यांना रिबोल्लीता किंवा पाप्पा अल पोमोदोरो, दोन्ही शिळ्या ब्रेडचे, पहिल्यात केल नावाची काळसर पालेभाजी आणि घेवडा, दुसऱ्यात टोमॅटो. तिथल्या ब्रेडला मीठ नसतं, वेटरला तक्रार करू नका. प्रसिद्ध बिस्तेक्का, म्हणजे बीफ स्टेक, एकट्यानं मागवू नका, ती किलोच्या हिशोबात येते.

जेनोवा. इथे लोक जातच नाहीत, बंदर आहे, गल्ल्या अंधाऱ्या आहेत, ब्लॉगवाल्यांना फोटो मिळत नाहीत. पण शाकाहारी माणसाला सगळ्या उत्तर इटलीत इथल्याइतकं मोकळं कुठेच वाटत नाही. डोंगर थेट समुद्रात उतरतो, गुरं पाळायला सपाट जमीन नाही, मग स्वयंपाक भाजीपाला, रानातला पाला, ऑलिव्ह तेल आणि हरभऱ्याच्या पिठावर उभा राहिला. हो, आपलं बेसनच. पानिस्सा नावाचा प्रकार म्हणजे पाटवडी, बेसन पाण्यात शिजवून, थापून, गार करून वड्या पाडायच्या, फक्त फोडणी नाही, वरून तेल-लिंबू किंवा मग तळून. फारिनाता त्याहून भारी. बेसन, पाणी, मीठ, ऑलिव्ह तेल एवढंच, पीठ तासन्‌तास भिजवून ठेवतात, मग कल्हई केलेल्या तांब्याच्या भल्यामोठ्या परातीत अगदी पातळ ओततात आणि लाकडाच्या भट्टीत सरकवतात. बाहेर येते तेव्हा वरून सोनेरी, मधेमधे करपलेले फोड, आत मऊ जवळजवळ ओलसर. दुकानदार ती वेड्यावाकड्या तुकड्यात ओरबाडून कागदावर देतो, वर मिरी स्वतः घालायची. गार झाली की कामातून गेली, त्यामुळे परात नुकती निघालीये का बघा, रांग असेल तर थांबा, रांग म्हणजे पुढची परात येतेय.

पेस्टो इथे त्रोफ्ये किंवा त्रेनेत्ते या पास्त्यावर येतो, बटाटा आणि फरसबी त्याच पाण्यात उकडून त्यातच घातलेली असते. बेझिलची (तिकडच्या तुळशीची) छोटी कोवळी पानं, पाइन नट, लसूण, दोन चीज, तेल, मीठ. बाटलीतल्या पेस्टोवरून मत बनवलं असेल तर ते विसरा. पान्सोती म्हणजे रानपाला भरलेला पास्ता, वर अक्रोडाचा पांढरा सॉस, हा मिस्टरांनी एकदा तरी खायचाच. एक दुपार लोकल ट्रेननं रेक्कोला, तिथली फोकाच्चा म्हणजे आरपार दिसेल इतक्या पातळ दोन पाऱ्या आणि मधे वितळलेलं ताजं चीज, यीस्टही नाही. सकाळी साधी तेलाची फोकाच्चा घ्यायची, इथली माणसं ती चक्क कापुचिनोत बुडवून खातात, खारट-गोड, मला आवडते, तुम्हाला आवडेलच असं नाही. तुमचीही उपासमार नाही, तळलेले ताजे अँकोव्ही आणि ऑलिव्ह घालून केलेला ससा, दोन्ही इथे छान मिळतात.

ऑर्डर कशी द्यायची यावर जोडप्यांचं सगळ्यात जास्त बिनसतं. मेन्यूत आंतिपास्ती (सुरुवातीचं), प्रीमी (पास्ता, रिसोत्तो, सूप), सेकोंदी (मांस-मासे), कोंतोर्नी (भाज्या) असे भाग असतात आणि वाटतं की प्रत्येकानं सगळं घ्यायला पाहिजे. नाही घ्यायचं. दोघांत एक आंतिपास्तो, दोन प्रीमी, एक भाजी, भूक उरली तर तुमच्यासाठी एक सेकोंदो. इथे प्लेट्स क्रमानं येतात, त्यामुळे त्यांनी पास्ता आणि तुम्ही मटण मागवलंत तर ते खात असताना तुम्ही नुसत्या बसाल आणि मग उलटं, म्हणून सांगायचं "तुत्तो इन्सिएमे", दोन्ही एकदम आणा. शेअर करायला कोणी हसत नाही, पिझ्झा मात्र रात्री माणशी एक घेतात. रिसोत्तोपुढे "किमान २ माणसांसाठी" लिहिलेलं असतं, तो ताजा शिजवतात म्हणून, मग स्टॉक कसला आहे ते विचारल्याशिवाय दोघांत घेऊ नका. मासे किंवा स्टेकपुढे किंमत "एत्तो" ला असेल तर ती १०० ग्रॅमची, अख्ख्या प्लेटची नाही, यावर बिल बघून डोळे पांढरे झालेले बरेच भेटतात. पदार्थापुढे चांदणी असेल तर तो फ्रोझन. कोपेर्तो म्हणून माणशी दोन-तीन युरो लावतात, ती फसवणूक नाही, टिप वेगळी द्यायलाच पाहिजे असंही नाही. बिल मागितल्याशिवाय येत नाही, तासभर वाट बघून चिडू नका, ते तुम्हाला उठवत नाहीयेत एवढंच.

वेळा पाळा. दुपारी साडेबारा ते अडीच, रात्री साडेसातनंतर, मधे किचन बंद. साडेतीनला पोटात कावळे ओरडायला लागले की माणूस स्टेशनसमोरच्या फोटोवाल्या मेन्यूच्या हॉटेलात शिरतो, आणि भांडणं तिथेच होतात. पर्समध्ये फोकाच्चाचा तुकडा ठेवा. रविवारी रात्री आणि सोमवारी चांगल्या जागा बंद असू शकतात, आदल्या दिवशी फोन करून टेबल ठेवा, हॉटेलच्या रिसेप्शनला सांगितलं तरी करतात. आणि भांडण टाळायचं तर दुपारचं जेवण एकानं ठरवायचं, रात्रीचं दुसऱ्यानं, ठरवलेल्यावर शेरे मारायचे नाहीत.

मिलानच्या एका रात्रीत केशराचा रिसोत्तो खायचा मोह होईल, पण मूळ पद्धतीत त्यात हाडातला मगज आणि मांसाचा स्टॉक, म्हणजे मिस्टर बाद आणि किमान दोन माणसं. त्यापेक्षा संध्याकाळी आपेरितीवो, एका ड्रिंकबरोबर थोडं खाणं येतं, त्यावर भागवा, नाहीतरी सकाळी फ्लाइट आहे.

राहिलं भारतीय हॉटेल. जा की एखाद्या रात्री, त्यात लाजायचं काय, सहाव्या-सातव्या दिवशी वरणभाताची आठवण सगळ्यांनाच येते. फक्त जेनोवात जाऊ नका, तिथे एक जेवण वाया घालवणं परवडणार नाही. बॅगेत शेंगदाण्याची चटणी आणि मेतकूट चालेल, तूप, पेढे, चीज असं दुधाचं काही आणू नका, युरोपियन युनियनमध्ये बाहेरून येणाऱ्या प्रवाशांना दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे, कस्टम्सवाले सरळ काढून घेतात.